असईचा हॅनोव्हरी सेनानी

पिंपळगाव आणि वरूड ही गावं समोरासमोर दिसली, म्हणजे मधल्या केळना नदीला उतार असणारच, हे इंग्रज सेनापती वेलस्लीने कसं ताडलं ते असईच्या लढाईवर लिहिणारा प्रत्येकजण सांगतो. मला मात्र वर्षानुवर्षं ओढ आहे ती पलीकडच्या काठावरच्या माणसाची. २३ सप्टेंबर १८०३ रोजी भोकरदनजवळच्या त्या रणात दौलतराव शिंद्यांचं कवायती पायदळ ज्याच्या हुकमतीत होतं, तो अँथनी पोलमन.

पोलमन मूळचा हॅनोव्हरचा. ईस्ट इंडिया कंपनीसाठी हॅनोव्हरमध्ये उभारलेल्या दोन पलटणी १७८०च्या दशकात मद्रासकडे आल्या, त्यांत तो सार्जंट होता. तिथून निसटून त्याने द बॉयन या युरोपीय सेनानीने महादजी शिंद्यांसाठी घडवलेले कंपू, म्हणजे कवायती ब्रिगेडी, गाठले. पोटासाठी परक्या फौजेत शिरलेल्या अशा तरुणांना आपल्याकडे सरसकट 'भाडोत्री' म्हणून लोक मोकळे होतात. पण द बॉयनच्या कंपूत पगार वेळेवर होत असे. जखमीला जखमेप्रमाणे भरपाई आणि कायमचा जायबंदी झालेल्याला जमीन मिळत असे. कंपनीत जो सार्जंटच राहिला असता, तो इथे कर्नल झाला, हत्तीवरून फिरू लागला आणि त्याच्याभोवती जांभळ्या पोशाखातले मोगल रक्षक चालू लागले.

हॅनोव्हरचा अधिपती होता इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज. म्हणजे असईला पोलमन उभा होता तो आपल्याच राजाच्या सेनापतीपुढे. त्याच उन्हाळ्यात नेपोलियनच्या फौजेने हॅनोव्हर गिळलं. तिथून निसटलेले तरुण इंग्रजांच्या 'किंग्ज जर्मन लीजन'मध्ये भरती झाले आणि पुढे स्पेनमध्ये व वॉटर्लूला याच वेलस्लीच्या हाताखाली लढले. पोलमन वीसेक वर्षं उशिरा जन्मला असता, तर कदाचित त्यांच्यातच दिसला असता.

वेलस्ली नदी उतरून बगलेवर येतोय हे कळताच पोलमनने अख्खी फळी काटकोनात फिरवली. उजवी बाजू केळनेला टेकवली, डावी जुईकाठच्या असई गावाला. तोफा आणि हजारो माणसांची रांग शत्रूसमोर अशी वळवणं हे कित्येक वर्षांच्या कवायतीचं काम. मराठ्यांना हे जमेल असं वेलस्लीला वाटलं नव्हतं. असईच्या तोंडावर गेलेली ७४ वी हायलँडर पलटण तोफांनी अक्षरशः कापून काढली. लढाईत इंग्रजांकडचे दीड हजारांवर मेले किंवा जखमी झाले.

पण सगळ्यात जीव अडकतो तो शिंद्यांच्या गोलंदाजांत. हायलँडर संगिनी रोखून तोफांवर आले तरी ते जागचे हलले नाहीत. कित्येक तिथेच कापले गेले. काही प्रेतांमध्ये निपचित पडून राहिले. शत्रूची फळी पुढे सरकताच ते उठले, तोफा फिरवल्या आणि पाठीमागून मारा सुरू केला. त्याच तोफा पुन्हा जिंकायला वेलस्लीला ७८ वी पलटण आणि घोडदळ घेऊन मागे वळावं लागलं. त्याचा एक घोडा गोळीने मेला, दुसरा भाल्याने जखमी झाला. शेवटी ९८ तोफा इंग्रजांच्या हाती पडल्या.

या वेळी मालक कुठे होते? दौलतराव आणि त्यांचे साथीदार रघूजी भोसले लवकरच रणातून निघून गेले, घोडदळ बहुतांश हातावर हात ठेवून राहिलं. मला पोलमनपेक्षा याचाच राग जास्त येतो.

इंग्रजांनी २९ ऑगस्टलाच जाहीरनामा काढून शिंद्यांच्या चाकरीतल्या युरोपियनांपुढे ती चाकरी सोडण्यासाठी गाजर धरलं होतं. असईनंतर पोलमन आणि दुसरा कंपूनायक सालूर यांच्या कंपूंतले सोळा अधिकारी व सार्जंट इंग्रजांच्या कर्नल स्टीव्हन्सनकडे दाखल झाले. खुद्द द बॉयनने इंग्रजांविरुद्ध हत्यार न धरण्याची अट घालूनच चाकरी पत्करली होती. कंपूचा पायाच असा होता. ही अट मान्य करून ज्यांनी सगळी कवायती फौज परक्या अधिकाऱ्यांच्या हाती दिली आणि त्या जागांवर आपली माणसं तयार केली नाहीत, त्यांना जाब विचारायचं सोडून आपण सोळा जणांच्या फितुरीबद्दल बोटं मोडत बसतो. पोलमन निदान असईला लढला. पुढे तोही कंपनीच्या चाकरीत गेला.