थंडीत गाडी रंगवली? रंग ‘सुकला’ म्हणजे ‘पक्का झाला’ असं नाही!

डिसेंबर-जानेवारीत नाशिक, निफाडकडे पहाटे पारा 10 अंशांच्या खाली उतरतो. अशा दिवसांत गाडीचं डेंटिंग-पेंटिंग केलं असेल, तर रंग हाताला लागत नाही एवढ्यावरून तो तयार झाला असं समजू नका.

गाडी रंगवल्यावर दोन गोष्टी घडतात. आधी थिनर उडून जातं आणि रंग कोरडा वाटतो. मग क्लिअर कोटमध्ये मिसळलेलं हार्डनर रासायनिक प्रक्रियेने थर कडक करतं. ही प्रक्रिया 20 ते 25 अंशांत नीट चालते. 10 अंशांखाली फारच मंदावते. त्यामुळे वरून कोरडा दिसणारा थर आतून मऊच राहतो.

दुसरा शत्रू म्हणजे दव. थंड पत्र्यावर ओल धरली, की ताज्या रंगाची चकाकी जाते, पांढुरकी झाक येते.

मग काय कराल?

• पेंट बूथमध्ये गाडी तापवणार का, हे गॅरेजमध्ये आधीच विचारा. साधारण 60 अंशांवर अर्धा तास ठेवल्यास थर बराच कडक होतो.
• बूथ नसेल, तर रंगकाम दुपारच्या उन्हाच्या वेळी, पण छपराखाली करून घ्या. रात्री गाडी बंद जागेत ठेवा.
• आठवडाभर गाडी धुऊ नका, कव्हर घालू नका. मऊ रंगावर कापडाचे वळ उमटतात.
• पक्ष्याची विष्ठा पडली, तर साध्या पाण्याने लगेच, हलक्या हाताने काढा.
• महिनाभर तरी वॅक्स नको.

गॅरेजवाला ‘उद्या न्या’ म्हणाला, तरी थंडीत दोन दिवस जास्त थांबा. पुन्हा रंगवण्याचा खर्च त्याहून महाग पडतो.