साउंड कार्ड गेलं नव्हतं, म्यूट होतं!

रात्री साडेदहाला लातूरहून मित्राचा फोन. "अगं, आवाजच येईना!" गड्याने जुन्या पीसीवर नुकतंच उबुंटू टाकलेलं. कशासाठी? आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल'वरून लिनक्स शिकायला. तिथले छोटे पाठ मराठीतही आहेत; ऐकायचं आणि शेजारच्या विंडोत लगेच करून बघायचं. पण ऐकूच आलं नाही, तर शिकणार काय?

दुकानदाराने निकाल देऊन टाकला होता, "साउंड कार्ड गेलंय, नवीन टाका." आता मेसचे पैसे भरायचे, की कार्ड घ्यायचं?

मी नांदेडला, त्यात मास कॉमवाली. पण आमच्या ऑडिओ प्रोजेक्टच्या वेळी हेच भोगलेलं. म्हटलं, "थांब, आधी बघू."

लिनक्समध्ये आवाजाचा कारभार 'अल्सा' बघते. चेक प्रोग्रामर यारोस्लाव कायसेला यांनी १९९८ मध्ये हे काम सुरू केलं. २००३ च्या २.६ कर्नलपासून ती कर्नलसोबतच येते. म्हणून ड्रायव्हर बहुतेकदा वेगळा शोधावा लागत नाही.

टर्मिनल उघडून 'एप्ले', स्पेस, 'हायफन एल' ही कमांड दिली. कार्डाचं नाव दिसलं. म्हणजे ड्रायव्हर चालू, कार्ड जिवंत! (यादी रिकामी आली, तर 'एलएसपीसीआय' देऊन मशीनला ऑडिओचं हार्डवेअर तरी दिसतंय का, ते बघायचं.)

मग सेटिंग्जमधलं साउंड आउटपुट. तिथे एचडीएमआय निवडलेलं असेल, तर आवाज मॉनिटरकडे जातो, स्पीकर गप्पच. ते बदललं. तरी शांतता.

शेवटी 'अल्सामिक्सर'. 'एफ ६' दाबून खरं कार्ड निवडलं. 'मास्टर'च्या खांबाखाली दोन एम. म्हणजे म्यूट! 'एम' दाबलं, दोन ओ आले. बाणाने आवाज वाढवला. रीस्टार्टनंतरही सेटिंग टिकावं म्हणून 'सुडो अल्साक्टल स्टोअर'.

फ्री-बीएसडी वापरणाऱ्यांनो, तुमच्याकडे ड्रायव्हरचं मॉड्यूल चढवायला 'केएलडीलोड' कमांड असते.

फोनवर क्षणभर शांतता. मग पलीकडून पाठ सुरू झाल्याचा आवाज, चक्क मराठीत. "ऐकू आलं का गं?" तो ओरडला.

आलं की! खर्च शून्य, वेळ वीस मिनिटं. मेसचे पैसेही वाचले. तेव्हा दोस्तांनो, नवीन कार्डासाठी खिशात हात घालण्याआधी या तीन जागा तपासाच.