लोन नंबर पेपरात आला, तर?

हा भाग ऐकायला जमला नसेल तर वाचा. लेखी करताना माझं 'म्हणजे काय की' तेवढं काढलंय.

मावशीने गंठण ठेवून सोनेतारण कर्ज घेतलं होतं. दरमहा हप्ता नाही, मुदत संपली की मुद्दल आणि व्याज एकदम. मध्येच तिने सिम बदललं. कंपनीचे मेसेज गेले जुन्या नंबरवर. एका सकाळी काकांना पेपरात 'जाहीर लिलाव' दिसला, खाली आपल्याच शाखेचं नाव. जाहिरातीत नावं नव्हती, नुसती लोन नंबरांची रांग. कागदावर कंट्रोल-एफ चालत नाही हो! पावती घेऊन बोट फिरवत बसले, आणि नंबर सापडला.

ही जाहिरात कंपनी हौसेने देत नाही. रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे: लिलावाआधी कर्जदाराला पुरेशी नोटीस द्यायची, शिवाय किमान दोन वर्तमानपत्रांत जाहिरात, एक प्रादेशिक भाषेतलं आणि एक राष्ट्रीय दैनिक. कारण उघड आहे. गुपचूप लिलाव झाला तर बोली लावणारे ओळखीचेच चार जण येणार आणि सोनं मातीमोल जाणार.

६ जून २०२५ ला रिझर्व्ह बँकेने सोने-चांदी तारणाचे नवे नियम काढले, अंमलबजावणीसाठी मुदत १ एप्रिल २०२६ पर्यंत. त्यात लिलावाची राखीव किंमत सोन्याच्या चालू किमतीच्या ९० टक्क्यांपेक्षा कमी ठेवता येत नाही. दोनदा लिलाव फसला तरच ८५ टक्के. कर्ज देणारी कंपनी स्वतः बोली लावू शकत नाही.

आता हिशोब बघा. दागिन्याची आजची किंमत २ लाख, म्हणजे राखीव किंमत किमान १ लाख ८० हजार. देणं सगळं मिळून दीड लाख असेल तर वरचे ३० हजार तुमचे. लिलावाचे पूर्ण पैसे आल्यापासून सात कामकाजाच्या दिवसांत ते परत मिळायला हवेत. बहुतेक लोक 'गेलं ते गेलं' म्हणून मागतच नाहीत, आणि मला याचाच जास्त राग येतो.

गल्लीतल्या सावकाराचं प्रकरण वेगळं. त्याला महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ खाली परवाना लागतो. विनापरवाना धंदा केला तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. सोनं हातात देण्याआधी परवाना दाखवायला सांगा, लाजू नका.

मावशीचं काय झालं? लिलावाला चार दिवस होते. मी, दादा आणि काकांनी मिळून पैसे भरले, गंठण घरी आलं. तुमच्या घरात कुणाचं सोनं गहाण असेल तर आज पावतीचा फोटो काढून ठेवा, आणि शाखेत कोणता मोबाईल नंबर नोंदवलाय ते विचारून घ्या.