स्मृतिभ्रंशग्रस्त वृद्धांसाठी शुश्रूषागृह निवडताना

पनवेलनजीकची खांदा कॉलनी ही सिडकोने विकसित केलेली वसाहत. अशा वसाहतींत पती-पत्नी दोघेही नोकरीनिमित्त बाहेर असल्यास स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धास घरी एकटे ठेवणे धोक्याचे ठरते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय अंदाजानुसार भारतात साठ वर्षांवरील सुमारे ८८ लाख व्यक्तींना हा विकार आहे. साहजिकच शुश्रूषागृहाचा विचार पुढे येतो.

परंतु देखणी इमारत म्हणजे उत्तम शुश्रूषा नव्हे. एक भेट सकाळी, तर दुसरी सायंकाळी द्यावी. दिवेलागणीच्या सुमारास अनेक रुग्णांची अस्वस्थता वाढते. त्या वेळी परिचारक त्यांच्याशी कसे वागतात यावरून संस्थेची पारख होते. रात्रपाळीस किती परिचारक असतात, रुग्ण पडल्यास नोंद होते काय, झोपेची औषधे कोणाच्या सल्ल्याने दिली जातात, हे अवश्य विचारावे.

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ मधील मानसिक आजाराच्या व्याख्येत स्मृतीचा गंभीर बिघाडही अंतर्भूत आहे. म्हणून राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडील नोंदणीविषयी विचारणा करावी. शिक्षा म्हणून रुग्णास बांधून ठेवण्यास हा अधिनियम मनाई करतो. ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या निःशुल्क दूरध्वनी क्रमांकावर मार्गदर्शन मिळते.

सकाळी झालेला त्रास असा रुग्ण सायंकाळी सांगू शकेलच असे नाही. त्याची तक्रार आप्तांच्या नजरेनेच उमगावयाची असते. यास्तव दूरच्या निसर्गरम्य स्थळापेक्षा वारंवार जाता येईल असे जवळचे शुश्रूषागृहच श्रेयस्कर होय.