हक्काचा समुद्र आणि हक्काचे मोल

प्रशांत महासागरातील किरिबाटी या देशाची जमीन अवघी ८११ चौरस किलोमीटर आहे. त्याच्या हक्काचा समुद्र मात्र भारताच्या भूक्षेत्राहूनही विस्तीर्ण आहे. समुद्रविषयक कायद्यासंबंधीच्या १९८२ च्या संयुक्त राष्ट्रसंघ कराराने हा हक्क जगन्मान्य केला. किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंत किती मासळी धरावयाची हे किनारी राष्ट्राने ठरवावे आणि त्याला स्वतःला धरता न येणारी शिल्लक परकीयांना अटींवर द्यावी, असे करार सांगतो. परंतु ज्याच्याजवळ पुरेशा गस्ती नौकाही नाहीत, त्या राष्ट्राने हा हक्क बजवावा कसा?

प्रारंभीचा अनुभव कटू होता. या भागातील मुख्य संपत्ती म्हणजे ट्यूना, आपल्या कोकणातील कुपा. हा मासा सरहद्द जाणत नाही. एका देशाने शुल्क वाढविले, की परकीय ताफे शेजाऱ्याच्या दारी जात. स्थलांतर करणाऱ्या ट्यूनावर किनारी राष्ट्राचा अधिकारच नाही, अशी अमेरिकेची भूमिका होती. १९८४ मध्ये सॉलोमन बेटांनी एक अमेरिकी नौका जप्त केली, तेव्हा अमेरिकेने त्या देशाच्या ट्यूनाची आयातच बंद केली. पुढे १९८७ मध्ये तडजोडीचा करार झाला.

एकट्याने सौदा केल्यास लूट अटळ आहे, हे या राष्ट्रांनी ओळखले होते. १९८२ च्या नाऊरू कराराने किरिबाटी, पापुआ न्यू गिनी आदी राष्ट्रे एकत्र आली. आज त्यांची संख्या आठ आहे. २००७ पासून त्यांनी मोठ्या पर्ससीन नौकांना मासेमारीचे दिवस विकण्याची पद्धत सुरू केली. वर्षाचे एकूण दिवस आधी ठरतात, मग ते सभासदांत वाटले जातात. ८० मीटरांहून लांब नौकेचा एक दिवस दीड दिवस धरला जातो. दिवसाचा किमान दर २०१२ मध्ये ५,००० डॉलर होता, तो पुढे ८,००० झाला. परिणामी २०१० च्या सुमारास सहा कोटी डॉलरांच्या आसपास असलेले उत्पन्न दशकभरात पन्नास कोटींच्या घरात गेले.

या यशाला मर्यादाही आहेत. मासळी डबाबंद करण्याचा उद्योग, आणि त्यातील रोजगार, बव्हंशी थायलंडसारख्या दूरच्या देशांत आहे. परकीय नौकेवर एकट्याने नोंदी ठेवणाऱ्या निरीक्षकांपैकी काही जण घरी परतलेच नाहीत. शिवाय समुद्र तापत असल्याने ट्यूना पूर्वेकडे, हक्काच्या क्षेत्राबाहेर सरकेल, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. तसे झाल्यास दिवस विकावयास राहतील, पण घेणारा राहील काय?

मासेमारीवरील घातक अनुदाने रोखणारा जागतिक व्यापार संघटनेचा करार सप्टेंबर २०२५ मध्ये अंमलात आला. त्याच्या पालनासाठी विकसनशील देशांना साहाय्य देणारा निधीही आहे. तथापि निधीने कार्यालये उभी राहतील. निर्धार व शेजाऱ्यांशी एकजूट ज्याची त्यानेच उभी करावयाची असते. प्रशांत महासागरातील या चिमुकल्या राष्ट्रांना करारातील हक्काचे मोल मिळाले, ते दिवस मोजण्याची, दर न सोडण्याची आणि एकमेकांना न फसविण्याची शिस्त त्यांनी पाळली म्हणून.