फलकावरची मराठी



शाळेच्या दारातून आत आलात, की मुख्याध्यापकांच्या खोलीजवळच्या भिंतीवर एक मोठी फळी दिसते. तिच्या वरच्या बाजूला ठळक अक्षरांत लिहिलेले असते : 'सूचनाफलक'. पाचवीच्या एका मुलाने मला एकदा विचारले, "सर, फलक तो आसमान को कहते हैं ना?" त्याचे चुकले नव्हते. उर्दूत फलक म्हणजे आकाशच. पण मराठीतला फलक संस्कृतातून आला आहे आणि त्याचा अर्थ फळी किंवा पाटी असा आहे. दोन्ही शब्द कानाला सारखे वाटतात, पण एक वर आहे आणि एक भिंतीवर!

दिवाळीची सुट्टी संपून दुसरे सत्र सुरू झाले, की हा फलक भरून जातो. स्नेहसंमेलन, सहल, वक्तृत्व स्पर्धा, विज्ञान प्रदर्शन, बालिका दिन, प्रजासत्ताक दिन, मराठी भाषा गौरव दिन. आपल्या शाळेच्या सूचना उर्दूतही लावल्या जातात. पण शिक्षण विभागाची परिपत्रके आणि दुसऱ्या शाळांत होणाऱ्या आंतरशालेय स्पर्धांची पत्रके बहुतेक मराठीत येतात. तुमच्यापैकी पुष्कळ जण त्यांच्यासमोरून तसेच पुढे निघून जातात. 'हे आपल्यासाठी नाही' असे तुम्हांला वाटते. ते तुमच्यासाठीच असते, म्हणून हा पाठ.

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात नववीत एक मुलगा होता. नात म्हणायला उभा राहिला की सारे सभागृह शांत होई. त्याची नाट्यछटा स्पर्धेसाठी निवड झाली. फलकावर सूचना लागली : 'निवड झालेल्या विद्यार्थ्यांची तालीम शनिवारी शाळा सुटल्यावर होईल.' त्याने सूचना वाचली आणि तो घरी गेला. पुढच्या शनिवारीही गेला. तिसऱ्या आठवड्यात त्याच्या जागी दुसऱ्याचे नाव लागले. तेव्हा तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "सर, तालीम तो रोज होती है, स्कूल में और क्या होता है?"

उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. मराठीत मात्र नाटकाचा किंवा कार्यक्रमाचा सराव म्हणजे तालीम. त्याला वाटले, शनिवारी जादा तास असणार. चूक त्याच्या एकट्याची नव्हती. सूचना लिहून लावणारा मीच होतो आणि वर्गात ती वाचून अर्थ सांगण्याचे कष्ट मी घेतले नव्हते. ती स्पर्धा त्याच्या हातून गेली. पुढच्या वर्षी तो दहावीत होता आणि दहावीच्या मुलांना आम्ही स्पर्धेला पाठवीत नव्हतो.

मराठीत तालीम या शब्दाला आणखी एक अर्थ आहे : व्यायामशाळा, आखाडा. पुण्याच्या जुन्या पेठांतून हिंडलात तर अजूनही तालमी दिसतील. जोतीराव फुले तरुणपणी लहुजी वस्ताद साळवे यांच्या तालमीत दांडपट्टा शिकले. 'वस्ताद' म्हणजे आपला उस्तादच. उस्तादाने तालीम द्यायची, एवढे मूळ तेच राहिले. फक्त मराठीत आल्यावर ती पाटी-पुस्तकाऐवजी अंगमेहनतीची आणि रंगमंचाची झाली.

हे शब्द मराठीत आले कसे? बहमनी, निजामशाही आणि आदिलशाही राज्यांत सरकारी कामकाजात फारसीचा वापर होई. गावोगावचे मराठी कारकून आणि जमीनदार त्यात होते. हिशेब, वसुली, न्यायनिवाडा यांचे शब्द त्यांच्या तोंडी बसले आणि घरी आले. शिवाजी महाराजांनी 'राज्यव्यवहारकोश' तयार करवून घेतला. त्यात फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले आहेत. तरी अर्ज, तारीख, मुदत, हजर, जाहीर, कागद, शाई, शिफारस हे शब्द राहिलेच. १९२५ साली कवी माधव जूलियन यांचा फारसी शब्दांचा मराठी कोश पुण्यात प्रसिद्ध झाला. ते काही काळ फर्ग्युसन महाविद्यालयात फारसी शिकवीत. मराठीत गझल रुजवणारे कवीही तेच.

म्हणजे मराठी सूचनेतले कितीतरी शब्द तुम्हांला घरूनच येतात. 'अर्ज करण्याची मुदत १० तारखेपर्यंत आहे' हे वाक्य समजायला शब्दकोश लागत नाही. अडचण होते ती थोड्याच शब्दांची. ओळखीचा चेहरा घेऊन ते येतात आणि दुसरेच काही सांगतात.

'दाखला' पाहा. उर्दूत दाखला म्हणजे शाळेत प्रवेश. मराठीत दाखला म्हणजे प्रमाणपत्र; आणि सर्वांना ठाऊक असलेला दाखला म्हणजे 'शाळा सोडल्याचा दाखला'! उर्दूतला शाळेत घेतो, मराठीतला शाळेबाहेर सोडतो. सहलीच्या सूचनेत 'पालकांचे ना-हरकत पत्र आणावे' असे असते. उर्दूत हरकत म्हणजे हालचाल, कधी खोडीही. मराठीत हरकत म्हणजे आक्षेप. मुलाला सहलीला पाठवण्यास आमचा आक्षेप नाही, एवढेच त्या पत्रात वडिलांनी लिहायचे असते. एका मुलीच्या वडिलांनी मात्र 'माझी मुलगी हरकती करीत नाही' असे लिहून दिले होते. आम्ही ते पत्र स्वीकारले.

'खुलासा' हा शब्द जपून वाचा. उर्दूच्या प्रश्नपत्रिकेत खुलासा म्हणजे सारांश. मराठीत 'गैरहजर विद्यार्थ्यांनी वर्गशिक्षकांकडे खुलासा करावा' म्हणजे का आला नाहीत ते स्पष्ट सांगा. तिथे सारांश चालत नाही! 'शिकस्त' म्हणजे उर्दूत पराभव. पण मुख्याध्यापकांनी 'आमच्या संघाने प्रयत्नांची शिकस्त केली' असे लिहिले, तर संघ हरला असे समजू नका. होता होईल तेवढा प्रयत्न केला, असा त्याचा अर्थ. आणि 'दप्तर'? उर्दूत कचेरी, मराठी मुलांच्या पाठीवरची पिशवी. जुना अर्थही मराठीत शिल्लक आहे. पुण्यात पेशव्यांच्या कारभाराची मोडी लिपीतली कागदपत्रे जपून ठेवली आहेत. त्यांना 'पेशवे दप्तर' म्हणतात.

शब्द झाले. आता फलकावर ज्यांची नावे लागतात, त्या कार्यक्रमांकडे वळू.

सर्वांत मोठा कार्यक्रम स्नेहसंमेलनाचा. बोलताना सगळे त्याला 'गॅदरिंग' म्हणतात. तीन दिवस तुम्ही पाहता; त्यामागे महिनाभराचे काम असते. कार्यक्रम निवडणे, मंचावरचा क्रम ठरवणे, कपडे जमवणे, खुर्च्या मांडणे, पाहुण्यांना आणायला जाणे, बक्षिसांच्या वह्यांवर नावे लिहिणे. मंचावर न येताही गॅदरिंगमध्ये काम करता येते, हे लाजाळू मुलांनी लक्षात ठेवावे. पडदा ओढणाऱ्याला सगळे नाटक पाठ असते.

गॅदरिंगमध्ये आपल्याकडे बैतबाजी होतेच. मराठी शाळांत तसाच 'भेंड्या' हा खेळ असतो. शेराऐवजी गाणे किंवा कविता म्हणायची आणि तिच्या शेवटच्या अक्षरावरून दुसऱ्या बाजूने सुरुवात करायची. उर्दूत जसा 'ड़े'ने एकही शब्द सुरू होत नाही, तसा मराठीत 'ळ'ने होत नाही. म्हणून 'ळ' आला तर 'ल' घेतात. एखाद्या वर्षी दोन्ही खेळ एकाच दुपारी ठेवून पाहा.

आंतरशालेय स्पर्धांपैकी तुमच्यासाठी मला नाट्यछटा सर्वांत सोयीची वाटते. तिला एकच पात्र लागते. नेपथ्य नको, पोशाख नको. हा प्रकार मराठीत 'दिवाकर' यांनी आणला. त्यांचे पूर्ण नाव शंकर काशीनाथ गर्गे. १८८९ साली जन्मलेले आणि १९३१ साली वारलेले हे लेखक पुण्यात शाळाशिक्षक होते. रॉबर्ट ब्राउनिंग या इंग्रज कवीच्या एकमुखी कविता वाचून त्यांना ही कल्पना सुचली. शेजारी कोणी टेलिफोनवर बोलत असले, तर आपल्याला एकच बाजू ऐकू येते आणि पलीकडचा काय म्हणाला ते आपण ओळखतो. नाट्यछटा अशीच असते. उदाहरणादाखल ही चार वाक्ये मोठ्याने म्हणून पाहा :

"अम्मी, मी आलो! ... हो, पेपर सोपा होता. ... दप्तर? इथेच तर आहे. ... नाही, हे माझं नाही, खरंच! ... अम्मी, रिक्षात माझ्या शेजारी एक कंपाउंडर बसले होते. आता दवाखान्यात ते माझा डबा उघडून बसले असतील!"

जिथे टिंबे आहेत, तिथे अम्मी बोलते. तिचे बोलणे तुम्ही ऐकले पाहिजे, तेही चेहऱ्याने. घाईने पुढचे वाक्य म्हटलेत, तर अम्मी मंचावरून नाहीशी होते. उच्चारांची भीती बाळगू नका. 'ळ' आणि 'ण' यांचा सराव करावा लागेल. 'चार' मधला च आणि 'चाक' मधला च वेगळा आहे, हेही ऐकून शिकावे लागेल. पण 'जमीन', 'जागा' यांतला ज मराठी मुले दाताजवळून उच्चारतात आणि तो तुमच्या 'झे'च्या जवळचा आहे. तिथे तुम्ही आधीच पुढे आहात.

३ जानेवारीला शाळांतून बालिका दिन होतो. १८३१ साली याच दिवशी सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे सावित्रीबाई फुले यांचा जन्म झाला. १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली आणि सावित्रीबाई तिथे शिकवू लागल्या. लोकांच्या विरोधामुळे जोतीराव आणि सावित्रीबाईंना घर सोडावे लागले, तेव्हा उस्मान शेख यांनी त्यांना आपल्या घरी जागा दिली, असे सांगितले जाते. त्यांच्या घरच्या फातिमा शेख सावित्रीबाईंच्या सहकारी म्हणून ओळखल्या जातात. १० ऑक्टोबर १८५६ रोजी सावित्रीबाई आजारपणामुळे माहेरी होत्या. तिथून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात, आपल्या गैरहजेरीत फातिमावर किती भार पडत असेल, याची काळजी त्यांनी व्यक्त केली आहे. फुले वाडा महात्मा फुले पेठेत, म्हणजे जुन्या गंज पेठेत आहे. मोमिनपुऱ्यातल्या मुलामुलींना तर तो चालत जाण्याच्या अंतरावर. या दिवशी भाषण करायचे असेल, तर आधी तिथे जाऊन या. तिथली विहीर आणि ओसरी पाहून आलेली मुलगी पुस्तकातले पाठ करून आलेल्या मुलीपेक्षा वेगळे बोलते, हा माझा अनुभव आहे.

फुल्यांच्या शाळेतली एक विद्यार्थिनी भित्तिपत्रकासाठी लिहिणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी. तिचे नाव मुक्ता साळवे. ती मांग समाजातली होती. १८५५ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी तिने आपल्या लोकांच्या दुःखावर निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. चौदा वर्षे म्हणजे आठवी-नववी. तुम्ही भित्तिपत्रकासाठी 'पाणी वाचवा' आणि 'झाडे लावा' हेच विषय देता. ते वाईट नाहीत. पण तुमच्या गल्लीत सकाळी पाणी किती वाजता येते आणि त्यासाठी कोणाला पहाटे उठावे लागते, हे तुमच्याशिवाय कोण लिहिणार?

२६ जानेवारीनंतर दिवस भराभर जातात. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन. या दिवशी १९१२ साली कवी कुसुमाग्रजांचा जन्म झाला, तोही पुण्यातच. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हापासून या दिवसाचे कार्यक्रम वाढले आहेत. लगेच २८ तारखेला राष्ट्रीय विज्ञान दिन असतो. १९२८ साली चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी रामन परिणामाचा शोध याच दिवशी जाहीर केला. हिजरी वर्ष सुमारे ११ दिवसांनी लहान असल्यामुळे रमजान दरवर्षी मागे सरकतो आणि काही वर्षे या दिवसांतच येतो. तेव्हा तालमी सकाळी ठेवाव्यात. दुपारी तीननंतर रोजेदार मुलाकडून मोठ्या आवाजात संवाद म्हणवून घेऊ नयेत, हे मी शिक्षकांसाठी लिहीत आहे. तुम्हीही हे त्यांना अदबीने सांगू शकता. त्यांची हरकत नसेल.

नाव नोंदवताना पूर्ण नाव, इयत्ता, तुकडी आणि स्पर्धेचा प्रकार लिहा. मराठी पत्रकातला एखादा शब्द अडला, तर तो वहीत उतरवून मधल्या सुट्टीत मराठीच्या शिक्षकांना दाखवा. मुदत संपण्याच्या दिवशी नव्हे, दोन दिवस आधी. आणि फलकावर 'तालीम' दिसली, तर शनिवारी शाळा सुटल्यावर थांबा.