बाबा, आज किती पायऱ्या?

मी लातूरला बँकेत, बाबा नांदेडला. आधी दोन जिने चढल्यावर त्यांची छाती भरून यायची, आता अंगणातच! नांदेडचे डॉक्टर म्हणाले, ‘गोळ्या वाढवू.’ लातूरचे म्हणाले, ‘स्टेंट.’ ऐकायचं कुणाचं?

‘इस्केमिया’ या ५,१७९ रुग्णांच्या अभ्यासाने २०१९मध्ये दाखवलं, की अँजायना स्थिर असेल तर सुरुवातीलाच स्टेंट किंवा बायपास करून मृत्यू टळतातच असं नाही. दुखणं मात्र कमी होतं. पण बाबांचं स्थिर कुठे होतं? आईने वहीत लिहिलं: कळ कधी आली, किती पावलांवर, किती मिनिटं. वही बघून दोन्ही डॉक्टर एकच बोलले, ‘आधी अँजिओग्राफी.’

फोनवर नुसतं ‘बरंय ना?’ नको, पायऱ्या विचारा. आणि बसल्या जागी कळ आली, तर वहीही नको. थेट हॉस्पिटल!